हार्मोन बायकांचं असतं म्हणे!

जयनगर, बेंगळुरू
मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

संताप अजून गेलेला नाही. माझ्या धाकट्या भावाची, सुरेशची, कारखान्यातली शिफ्ट दर आठवड्याला बदलते. गेल्या गुरुवारी लेथवर उभ्या उभ्या त्याला डुलकी लागली आणि बाही मशीनमध्ये अडकली. हात वाचला, तरी साहेबांनी 'आळशीपणाबद्दल' माफीनामा मागितला. आळशी? दिवसा खिडकीला घोंगडी लावून झोपायला धडपडतो तो!

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. अंधार पडला की मेंदूत झोपेचं हार्मोन वाढतं, पहाटे जागं करणारं दुसरं वाढतं. दर आठवड्याला हे चक्र उलटं फिरवणं शरीराला जमत नाही. सुरेशनं आज ती चिठ्ठी दाखवली, तर साहेब सगळ्यांसमोर हसले. "हार्मोन? ते बायकांचं असतं ना रे?"

बायकांचं! साहेबांना सकाळी जाग येते ती काय त्यांच्या हुकमानं?

"मग माफीनाम्यावर सही केलीस?" मी विचारलं.

"नाही अक्का. म्हटलं, महिनाभर माझ्यासारखी शिफ्ट करून बघा, सर. मग करतो."

त्याची नोकरी जाईल, ही धास्ती आहेच. तरी त्यानं सही केली असती, तर मी त्याच्याशी बोललेच नसते.