पाणी पाजलेला वाकस

धरणगाव, ता. ६ फेब्रुवारी १९९६

चि. छगन यास सरलाअक्काचे अ. उ. आ.

गायत्रीचं लग्न वैशाखात ठरलं. तू मामा, आता तरी गावाकडं बघ. काल आपला चुलतभाऊ भटू आला होता. आप्पांची हत्यारं मागतो. आप्पा गेले तेव्हा तू हट्टानं अख्खी पेटी सुरतेला नेलीस आणि माळ्यावर टाकलीस. लूम चालवणाऱ्याला वाकस कशाला, असं तो म्हणाला. आता घरात सुतारकी तोच करतो.

तेव्हा असं कर. गायत्रीच्या हळदीचा पाट त्याच हत्यारांनी स्वतः कर, मग पेटी तुझी. नाही जमलं तर लग्नाला येताना ती भटूला दे. शोभाला आशीर्वाद.

तुझी अक्का

बमरोली, सुरत, ता. १९ फेब्रुवारी

ती. अक्कास छगनचा शि. सा. न.

पेटी उतरवली. लाकूड तासायचा तो वाकस बघून शोभानं विचारलं, हे हत्यार की करपलेली भाकरी. रॉकेल आणि विटेच्या भुकटीनं घासून त्याला माणसात आणलं. धार मात्र एकदम मॉडर्न लावली, कारखान्यातल्या विजेच्या ग्राइंडरवर. भटूला सांग, असल्या ठिणग्या त्यानं जन्मात पाहिल्या नसतील. फक्त धार निळी पडली आहे आणि फळीवर मारली की वळते. फळीच हरामी दिसते.

आपला छगन

धरणगाव, ता. २८ फेब्रुवारी

चि. छगन यास अ. आ.

तुनं डोकं जागावर शे का? अरे, विजेच्या चाकावर धरून हत्याराचं पाणी उतरवलंस तू. आता त्याला नीट पाणी पाज आणि धार दगडावर हातानं लाव. तुझा निरोप भटूला दिला नाही, घराण्याची लाज राखली.

अक्का

बमरोली, ता. ९ मार्च

ती. अक्कास शि. सा. न.

सांगितल्याप्रमाणे वाकसाला भरपूर पाणी पाजलं. दिवसपाळी, रात्रपाळी, दोन्ही वेळ बादलीत होता. त्याला जेवायला वाढू का, असं शोभा विचारत होती. दांडा फुगून घट्ट बसला, पण गंज परत आला आणि धार वळायची ती वळतेच. अजून किती पाजू?

शेजारचे बळीराम म्हणाले, देऊन टाक भटूला, कटकट गेली. मीही रागानं हो म्हणालो, पण बांधलेली पेटी परत सोडली. पेटी उघडली की आप्पांच्या घामाचा वास येतो गं. आप्पांचं माझ्याकडं दुसरं काहीच नाही.

छगन

धरणगाव, ता. १७ मार्च

चि. छगन यास अ. आ.

इतकी हसले की ताकाचं भांडं उपडं झालं. बादलीची गोष्ट कुणाला सांगू नकोस, सुताराचा पोरगा आहेस. पाणी पाजणं म्हणजे पोलाद तापवून पाण्यात बुडवणं. दांडा काढ. शेगडीत कोळसे फुलव, शोभा सुपानं वारा घालील. धार लाल झाली की तेवढीच बुडव, काढून पटकन घास. मागची आच पुढं सरकते. कड वाळल्या गवतासारखी पिवळी दिसली की सगळा वाकस पाण्यात सोड. आप्पांचा भाता मी ओढायचे, म्हणून ठाऊक. त्यांचंही बिघडायचं आणि मग ते माझ्यावर ओरडायचे. तू शोभावर ओरडू नकोस.

अक्का

बमरोली, ता. ८ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न.

पहिल्यांदा बिघडलं आणि मी ओरडलो. शोभानं सूप माझ्या हातात दिलं, सांडशी स्वतः घेतली, मग जमलं. जुन्या दाराची सागवानी फळी मिळाली, तिचा पाट केला. तो गावाकडं निघालेल्या लोटूबरोबर भुसावळ पॅसेंजरनं पाठवतो आहे. एक पाय आखूड आहे, डुगडुगतो. खाली चकती ठोकून लपवता आलं असतं, पण आप्पांच्या हत्यारांनी लबाडी करवेना. भटू म्हणेल तसं. लग्नाला पेटी घेऊन येईन, पाट नापास म्हणाला तर त्याला देईन.

छगन

धरणगाव, ता. १५ एप्रिल

चि. छगन यास अ. उ. आ.

पाट पोचला. डुगडुगतो म्हणून भटू पोट धरून हसला. मग पाट उलटा केला, तासलेल्या कडेवरून अंगठा दोनदा फिरवला. वाकसाला पाणी कुणी पाजलं, असं त्यानं विचारलं. घरीच, शेगडीवर, नवरा-बायकोनं, असं मी सांगितलं. तसा तो उठून गेला. मला वाटलं रागावला. तू पाट करशील असं मला खरंच वाटलं नव्हतं रे, म्हणून आत जाऊन रडून घेतलं.

संध्याकाळी भटू परत आला तो पिशवी घेऊन. पिशवीत त्याचा स्वतःचा वाकस, पार बोथट. गावचा लोहार आता तुमच्याच सुरतेत साड्यांच्या कारखान्यात आहे म्हणे, इकडं पाणी पाजणारं कुणी उरलं नाही. छगन लग्नाला येईल तेव्हा एवढं करून देईल का, असं त्यानं मला हळूच विचारलं.

मी त्याला सांगितलं, शोभा आली तर होईल. पेटी तुझीच राहिली, ती घेऊन दोघं लवकर या, आमच्यावर माया असू द्या.

तुझी सरलाअक्का