कपिलेनं चाटलेला हात

अर्जुनी,
आषाढ, बाजाराचा दिवस

प्रिय दुर्पता,

हे पत्र उभ्या उभ्या फोडू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल, पण पत्र आधी वाचायचं. आज दूध उतरव, तुझ्या सासूबाई जमुनाबाई देवळात जाईपर्यंत थांब आणि माडीवर जाऊन एकटी बस. तुला घाबरवायचं नाही असं ठरवून लिहायला घेतलंय, कसं जमणार ते देव जाणे. आधी लिहिलेले दोन कागद चुलीत घातले. कपिला कशानं गेली ते कळल्यापासून माझ्या जिवाला थारा नाही. तू म्हणशील, गोरक्षणात म्हातारी ढोरं मरायचीच, एका गाईचं एवढं काय? पण कपिला ज्या दुखण्यानं गेली ते तिच्यापाशी संपलेलं नाही. ते तुझ्याही दारापर्यंत येऊन पोचलं असेल अशी मला भीती वाटते, म्हणून हा खटाटोप.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा मी घोट्यापर्यंत शेणात उभी होते. हात धुतले, पदराला पुसले आणि गव्हाणीच्या काठावर बसून वाचलं. दिवस गेलेत असं सरळ लिहायची तुला लाज, म्हणून लिहिलंस, 'कपिलेनं ऐकलं.' अगं, मी इतकी हसले की आमच्या ह्यांनी चारा टाकता टाकता विचारलं, "काय झालं वं, काऊन एकटीच हासून राहिली?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तू काय काय गिळलंस ते मला ठाऊक आहे. धाकट्या जावेला दोन मुलं झाल्यापासून जमुनाबाई तुझ्या हातचं पाणी घ्यायच्या, पण तुझ्याकडे न बघता, हे तूच सांगितलं होतंस. त्या दिवशी मी सगळ्या जनावरांना गुळाचा खडा चारला. जमुनाबाईंचाही निरोप आला, की दिवाळीपर्यंत गोठ्यावर नवे पत्रे घालून देणार आणि कोंडा दुप्पट पाठवणार. आमच्याकडे सगळ्यांचे पाय जमिनीवर नव्हते. आता त्या गुळाची आठवणसुद्धा नको वाटते.

तुम्ही आलात तेव्हा सगळं झाडून सारवून ठेवलं होतं, म्हणून तुला आमचं गोरक्षण देवळासारखं वाटलं. रोजचं सांगते. उजाडलं की आधी कोण उठलेलं नाही ते बघायचं. म्हातारा बैल एकदा बसला की पोटाखालून पोतं घालून चौघांनी उचलावा लागतो, आणि हे भात रोवण्याचे दिवस, चौघं आणायचे कुठून? मग मी, हे आणि रस्त्यानं जाणारा कोणी सापडेल तो. कोणाच्या खांद्याला जुवाची जखम, तीत किडे पडलेले. सीताफळाचा पाला वाटून भरायचा आणि लाथ चुकवायची. एक आंधळी म्हैस आहे, तिला हात लावण्याआधी दुरून बोलावं लागतं, नाहीतर दचकते. एका जमादारानं बदली झाल्यावर सोडून दिलेली घोडी आहे, तिला अजून वाटतं की ती सरकारी नोकरीत आहे, कोणाला जवळ उभं करत नाही. आषाढात तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, ढीग कमरेइतका उरतो आणि नवं तणस दिवाळीनंतर. मधले महिने ही सगळी तोंडं तुमच्या गिरणीच्या कोंड्यावर जगतात. गोंदियाहून छोट्या लाइनची गाडी आली की शिट्टीला ढोरं कान टवकारतात. तुझे सासरे छोटेलालजी यांनी एक महिना हात आखडला तर यातली निम्मी पोळा बघणार नाहीत.

बाकीचे देणारे असतात, नाही असं नाही. एक ठेकेदार वर्षातून एकदा येतो, शेपटी डोळ्यांना लावतो आणि बुरशी आलेली पेंड देऊन आरती करवून घेतो. शेतकरी काम सरलेला बैल आणतात. त्याच्या कपाळाला कुंकू, सोबत ओंजळभर तांदूळ, दावं ह्यांच्या हातात देतात आणि मागे न बघता चालू लागतात. बघितलं तर बैल पाठोपाठ येतो म्हणतात. माणसंच रडतात ग, बैल उभा असतो. नवेगावच्या रानाकडची बायजाबाई बाजाराच्या दिवशी डोक्यावर हिरव्या गवताचा भारा आणते, आपल्या जुन्या म्हशीपुढे टाकते, ती खाईपर्यंत शेजारी बसून राहते आणि कोणाशी न बोलता जाते. मला तिचा भारा कोणत्याही आरतीपेक्षा मोठा वाटतो. पण त्यानं एका म्हशीचं पोट भरतं. म्हणून तर आमचे पंच ईश्वरदासजी तुमच्या घरचं माणूस येणार म्हटलं की स्वतः झाडू घेतात.

आता त्या ज्येष्ठातल्या शुक्रवारचं. तुला आठवतं ना सगळं? मला रोज आठवतं. जमुनाबाईंनी तुझ्यासाठी नवस बोलला होता, की सुनेनं स्वतःच्या हातानं कपिलेला पुरणाची पोळी भरवायची. तू लोणच्याचे आंबे चिरताना तळहाताला विळी लागली होती आणि तू चिंधी बांधून आली होतीस. जमुनाबाई म्हणाल्या, "चिंधी सोड वं, गऊमातेले बांधल्या हातानं घास देत नाहीत." तू सोडलीस. जखम अजून ओली होती, मी बघितली. कपिलेनं पोळी हुंगलीसुद्धा नाही. पोळी खाली पडली आणि ती तुझा तळहात चाटत राहिली, तोंडातून लाळेच्या तारा सुटलेल्या. ईश्वरदासजी ओरडले, "गाय पावली! कूस उजवली!" जमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. तू माझ्याकडे बघितलंस, ते तोंड मी जन्मात विसरणार नाही. गाय पुरणपोळी सोडते हे काही बरं लक्षण नाही, हे माझ्या मनात येऊन गेलं, पण त्या आनंदात कोण कशाला काही बोलेल? मलाही ती पावली असंच वाटून घ्यायचं होतं.

दोन-तीन दिवसांत कपिलेचा आवाज बसला. घोगरी, फाटकी अशी हंबरायची, रात्रंदिवस. पाणी पुढे केलं की तोंड घालायची, पण घोट उतरायचा नाही, मान ताणून नुसती लाळ गाळायची. आंब्याचे दिवस होते. सगळे म्हणाले, घशात कोय अडकली. ह्यांनी कितीतरी ढोरांच्या घशातून कोयी काढल्या आहेत. एकानं शिंगं धरली आणि ह्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. कोय सापडली नाही. हात बाहेर आला तो दातांनी ओरबाडलेला. मी हळद भरली. कपिला गेली, आम्ही हळदकुंकू वाहून तिला पुरलं, आणि सगळ्यांनी ठरवलं की कोय अडकूनच गेली. माझाही त्यावर विश्वास होता, दुर्पता. तुझ्या शपथेवर सांगते, गेल्या आठवड्यापर्यंत होता.

गेल्या आठवड्यात खैऱ्या बैल तसाच हंबरू लागला. त्याच्या गव्हाणीत आंबा जायचा संबंध नव्हता, म्हणून ह्यांनी ढोरांच्या डॉक्टराला बोलावून आणलं. त्यानं लांबूनच बघितलं आणि पहिली गोष्ट विचारली, की इथं कधी कुत्रं किंवा कोल्हं घुसलं होतं का. घुसलं होतं. चैत्रात भरदिवसा एक कोल्हं कुंपणातून आत आलं होतं, माणसांना भीत नव्हतं. आम्ही काठ्यांनी हाकललं, पण त्याआधी ते खैऱ्याच्या पायाला आणि कपिलेच्या नाकपुडीला डसलं होतं. चुना आणि हळद लावली आणि विसरलो. डॉक्टर म्हणाला, कोल्हं पिसाळलेलं होतं, आणि ढोरंही त्यानंच पिसाळतात, फक्त ती चावत नाहीत म्हणून लोकांना कळत नाही. मग त्यानं विचारलं, तोंडात हात कोणी घातला? ह्यांनी हात पुढे केला. मग विचारलं, आणखी कोणाला चाटलं, कोणाच्या जखमेला लाळ लागली? माझं तोंड उघडलं होतं, पण माझ्याआधी ईश्वरदासजी बोलले, "कोणालेच नाही, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर खैऱ्याकडे वळला तसे त्यांनी मला बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. घरचं धान्य विकून त्यांनी हे गोरक्षण उभं केलंय. म्हणाले, "शामकला, काऊन जीव जाळून राहिली? दुर्पताबाईले काय होते? तिची तर कूस भरली. पोटुशी बाई भेदरली तर मोठं पाप लागन तुले. आन् जमुनाबाईले समजलं का जिले नवस बोलला ते गाय पिसाळली होती, तर कोंडा येईन का इथं? मंग ह्या ढोराइले मी काय घालू?" संध्याकाळी आंधळ्या म्हशीपाशी उभी राहिले. मी बोलल्याशिवाय हात लावला तरी ती दचकली नाही, माझा वास ओळखते. तिच्या गळ्याला मिठी मारून मी खूप रडले. तुला खोटं नाही सांगत, पण क्षणभर मला ईश्वरदासजींचं पटलं होतं. होईल काय, तुझी जखम लहान होती, लाळ तुझ्या रक्तात गेलीच असेल असं कुठे आहे? मग डोळे मिटले की तो ओला तळहात दिसायचा.

हे काल सकाळच्या गाडीनं नागपूरला गेले. मोठ्या इस्पितळात पोटात सुया टोचतात, दोन आठवडे रोज. पूर्वी म्हणे त्यासाठी पार कसौलीच्या डोंगरावर जावं लागे. गाडीत बसताना हे चेष्टा करत होते, पण माझा हात सोडत नव्हते. त्यांना पोचवून मी तशीच डॉक्टराच्या बिऱ्हाडी गेले आणि विचारलं, की एखाद्या पोटुशी बाईला या सुया चालतात का, आणि इतके दिवस उलटल्यावर उपयोग होतो का. त्यानं कोण बाई ते विचारलं नाही. म्हणाला, दुखणं उठलं नसेल तोवर प्रत्येक दिवसाचा उपयोग आहे, एकदा उठलं की जगात औषध नाही. सुया पोटुशीला झेपतात, हा रोग कोणालाच झेपत नाही. मी घरी कशी आले ते मला आठवत नाही.

आणि आता खरं ते लिहिते. नुसतं सांगून तू जाणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. लहानपणी मंडईच्या जत्रेला जाताना तुझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि आम्ही परत पाठवू म्हणून कोणाला न सांगता तू रात्रभर दंडारीचा खेळ बघत त्याच पायावर उभी राहिलीस. आताही तशीच उभी राहशील. जमुनाबाईंचा हात डोक्यावर आलाय, तो जाईल म्हणून गप्प बसशील, आमच्या ढोरांचा कोंडा तुटेल म्हणून गप्प बसशील. म्हणून मी तुला विचारलेलं नाही. दुसरं पत्र मी छोटेलालजींच्या नावानं लिहिलंय, त्यात कोल्हं, कपिला, तुझा हात, सगळं आहे आणि खाली माझी सही आहे. ते उद्याच्या गाडीनं निघेल. हे पत्र मी एक दिवस आधी धाडते ते एवढ्यासाठी, की घरात हलकल्लोळ होईल तेव्हा तुला आधीच ठाऊक असावं आणि तू मान खाली घालून उभी राहू नयेस. लुगडी बांधून ठेव. छोटेलालजी शहाणे आहेत, रागावतील, पण तुला नागपूरला धाडतील. हे तिथं इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत आहेत, तुला सगळं दाखवतील. जमुनाबाई नवसाला नाट लावला म्हणतील, तर माझं नाव सांग. ईश्वरदासजींना मी आज संध्याकाळी सांगणार आहे आणि त्यानंतर मला इथं राहू देतील की नाही कोण जाणे. कोंडा बंद झाला तर मी काय करीन ते मला खरंच माहीत नाही, मला फार भीती वाटते. तुझ्याकडे आता माझ्यावर चिडायला पुष्कळ कारणं आहेत. सगळ्या सुया घेऊन ये आणि मग चिड, जन्मभर चिड. त्यासाठी तू असायला हवीस.

तुझीच,
शामकला