जरा बांधावर चल

हैदराबाद, १२ फेब्रुवारी २००३

तीर्थरूप आण्णा,

तुम्हाला आणि आईला छायाचा नमस्कार. मनमाडला गाडीत बसायला जागा मिळाली आणि इथे पोळीही मिळते, आईला सांगा. तिचा गुडघा काय म्हणतो? गुलाबाच्या तोडणीला बायका मिळाल्या का?

हे शिबिर मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉक्टरांचं आहे. हाताखालच्या डॉक्टरांना सांभाळायचं कसं, ते शिकवतात. काल मॅडमनी विचारलं, "ज्युनिअर चुकला तर काय कराल?" मी पटकन म्हटलं, "बांधावर नेईन." सगळे हसले.

मग तुमचं सांगितलं. कुणी कच्ची कळी खुडली तरी तुम्ही चारचौघींत कधी बोलला नाहीत. "नवसाबाई, जरा बांधावर चल," एवढंच म्हणायचात. बाई परत यायची ती हसतच. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'बांध' लिहिलं. मला मात्र तिकडे बघवेना.

आण्णा, घरी बोलले नव्हते. गेल्या महिन्यात आमच्या रूपालीने, नवीन डॉक्टर आहे ती, औषधाचा डोस चुकीचा लिहिला. वेळीच लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही. पण मी तिला भर वॉर्डात, नातेवाइकांसमोर झापलं. तेव्हापासून अडलं तरी ती मला विचारत नाही. त्याचीच भीती वाटते.

कामावर परत गेले की तिची माफी मागणार आहे. पण त्याआधी, पुढच्या रविवारी द्वारका चौकात बसमधून उतरून थेट मळ्यात येते. आईसमोर काही बोलू नका. मला जरा बांधावर न्या.

तुमची,
छाया