शाईनं लिहिलेला वारा

बाई,

आज सकाळी मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण इथे कतारमध्ये एप्रिलात लावलेली खिडकी उन्हाळा सरल्याशिवाय कुणी उघडत नाही, आणि या वर्षी ऑक्टोबर लागला तरी भिंती हात लावू देत नव्हत्या. काल दुपारी वादळ झालं, गारा पडल्या, त्यामागोमाग वायव्येकडून थंड हवा आली आणि एका दिवसात सगळं पालटलं. आता एसी बंद आहे. खाली आमच्या गल्लीत, अल हिलालमध्ये, साचलेलं पाणी टँकर उपसतोय आणि माझी लेक बाल्कनीतून हात बाहेर काढून उभी आहे. "मम्मा, इट्स ॲक्च्युअली कोल्ड!" मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. तुमच्या वर्गात असती तर बाकावर उभी राहिली असती. मी चहा घेऊन टेबलाशी बसलेय. तुम्हांला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली आणि आज तुम्हांला लिहितेय, कारण कालची गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला पुरती कळणार नाही.

सातवीत तुम्ही मला 'आजचे हवामान'चा फळा दिला होतात. प्रार्थनेआधी पेटीतला तापमापक वाचायचा, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं, आधी वहीत आणि मग फळ्यावर लिहायचं. तुमचा नियम एकच. डोळ्यांनी पाहिलेलं शाईनं, अंदाजाचं पेन्सिलनं. "अंदाज करायला हरकत नाही गो, पण त्याला शाई लावायची नाही." बंदरावरची मुलं तो फळा वाचून घरी सांगायची. त्यांचे बाप हसायचे, पण शाळेत वारा कुठला लिहिलाय ते विचारायचेही. छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा गंजून नैऋत्येकडे तोंड करून बसला होता, म्हणून तुम्ही अंगणाच्या पार टोकाला बांबू रोवून त्याला तुमच्या जुन्या साडीचा हिरवा काठ बांधला होता. तापमापक आणि पर्जन्यमापक ओट्यालगत होते, बांबूपर्यंत मात्र चिखल तुडवत जावं लागायचं, आणि अम्मीनं मला नुकतीच नवी चप्पल घेतली होती. ती चिखलात घालायचा मला जीव होईना. मी ओट्यावरूनच कोंबड्याकडे बघायचे आणि छान वळणदार अक्षरात, शाईनं, 'नैऋत्य' लिहून मोकळी व्हायचे.

मग भाद्रपद संपता संपता ती सकाळ आली. तुम्ही फळा वाचता, माझा हात धरून मला चिखलातून बांबूपाशी नेता. नवी चप्पल पार रुतून बसते. "हा काठ कुठे चाललाय?" तुम्ही विचारता. मी म्हणते, समुद्राकडे. "मग वारा कुठला?" पूर्वेचा. "आणि फळ्यावर?" मी रुतलेल्या चपलेकडे बघते. वारा फिरला की दुपारी डोंगराकडून गडगडत येतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि त्या दुपारी ते आलंच. होड्या बंदरातच होत्या. फळ्याकडे न बघता तुम्ही आधीच बंदरावर निरोप धाडला होतात, हे मला नंतर कळलं. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. "किती दिवस न बघता लिहिलंस?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, "दोन." तुम्ही वहीतल्या त्या दोन ओळी माझ्याकडून खोडून घेतल्यात आणि शेजारी पेन्सिलनं पुन्हा लिहायला लावल्यात. दहावीनंतर मी शाळा सोडली तेव्हा तुम्ही मला एका पेटीत शाईपेन आणि पेन्सिल दिलीत. पेन रत्नागिरीला डिप्लोमा करताना हरवलं. पेन्सिल आता बोटभर उरलीय, पण आहे.

तर कालचं. मी इथे बांधकामावर सेफ्टीचं काम बघते. साइट उम्म सलाल मोहम्मद या गावाच्या पुढे आहे. एका इमारतीच्या गच्चीवर क्रेननं एसीचं भलंमोठं युनिट चढवायचं होतं, आणि ते झेलून जागेवर बसवायला पाच माणसं वर उभी होती. हवामान खात्याचा इशारा सकाळीच ॲपवर आला होता, संध्याकाळी गडगडाटासह पाऊस आणि मागून थंड हवा. आमचा इंजिनिअर पुण्याचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. "मॅडम, वादळ संध्याकाळी येणार. आत्ता बारा वाजताहेत. यल्ला, एक लिफ्ट मारू की खलास!" क्रेन चालवायच्या परमिटवर एक चौकट असते, उचलण्याच्या आधी लगेच मोजलेला वारा. ती चौकट भरण्यासाठी उन्हात जाऊन, यंत्र हातात धरून उभं राहावं लागतं. आणि बाई, मी एसीच्या केबिनमध्ये बसून सकाळचाच आकडा त्यात लिहिला. ताशी चौदा किलोमीटर. शाईनं. वर सहीही केली.

परमिट द्यायला बाहेर आले तर वारा नव्हताच. पंधरा दिवस पूर्वेच्या समुद्राकडून घामट वारा सुटला होता, कुंपणाला बांधलेली लाल-पांढरी फीत त्यानं सारखी फडफडायची. ती खाली लोंबत होती. क्रेनवरचा ऑपरेटर रायगडचा, मला आपा म्हणतो. त्याचा आवाज वॉकीटॉकीवर आला. "आपा, वर हवा एकदम पडलीय. मला बरं वाटत नाय." परमिट मिळताच काम सुरू झालं होतं, युनिट जमिनीपासून हातभर उचललेलं होतं. तेवढ्यात ती फीत हलली आणि उलट्या बाजूला उडाली, समुद्राकडे. पायात सेफ्टी बूट होते, पण मला चप्पल चिखलात रुतल्यासारखी वाटली. मी ओरडले, "खाली घे! बूमचा दांडापण उतरव! वरची माणसं खाली आणा, आत्ताच्या आत्ता!"

पुढची वीस मिनिटं फार वाईट गेली. आभाळ डोक्यावर स्वच्छ, ऊन रणरणतंय, आणि खाली उतरलेली पाच माणसं करक चहा पीत माझ्याकडे बघतायत. इंजिनिअर घड्याळ बघत होता. "ॲपपेक्षा तुमची फीत हुशार निघाली तर बरंय मॅडम," असं म्हणालासुद्धा. मी फितीवरून नजर हलवली नाही. मग वायव्येला क्षितिजावर तांबूस पट्टा दिसला. तो वाढत वाढत भिंतीएवढा झाला आणि धुळीसकट आमच्यावर आला. आम्ही कंटेनरमध्ये घुसलो. पत्रे वाजत होते, वीज कडाडत होती, बोराएवढ्या गारा पडत होत्या. सगळं निवळल्यावर वर जाऊन बघितलं, तर शेजारच्या परांचीवरची प्लायवुडची फळी उडून येऊन आदळल्यानं गच्चीच्या कठड्याला तडा गेला होता. ती पाच माणसं उभी होती तिथेच. खाली सगळे एकमेकांना मोजत होते आणि हसत होते. पाचही होते. मी कंटेनरच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले, पण ते बरं वाटून. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

इंजिनिअरनं सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडमनी वारा मोजला म्हणून वाचलो." टाळ्या झाल्या. मी तेव्हा काही बोलले नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि त्याला फोन केला. म्हटलं, मी मोजला नव्हता, चौदा मी बसल्या जागी लिहिलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, रिपोर्टमध्ये हे लिहावं लागेल." मी म्हटलं, लिही. मग म्हणाला, "पण कुणाला काही झालं नाही ना, मग झालं तर." त्यावर मी रात्रभर गाढ झोपले.

आता उरलंय ते फक्त तुमचं. तुमचं घर आता दुसऱ्या कुणाचं आहे, त्यामुळे हे पत्र पाकिटात जाणार नाही, त्या पेन्सिलीच्या पेटीत जाईल. बाई, ते दोन दिवस नव्हते. अकरा होते. शाळेच्या कुठल्या तरी कपाटात ती वही असेल, तर तिच्यात नैऋत्येचे नऊ दिवस अजून शाईत आहेत. इथवरचं सगळं मी शाईनं लिहिलंय, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता एवढी शेवटची ओळ त्या बोटभर पेन्सिलनं लिहिते.

तुम्हांला तेव्हाच माहीत होतं, आणि तुम्ही मला माफ केलं होतंत.