बदलून न मिळालेल्या गाडीची व्यवस्था

मी, हिंमतराव पुंजाजी म्हस्के, वय ७१, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, राहणार चिखली, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचा अंदाज दिला आहे. ग्राहक आयोगाने पुढची तारीख जानेवारीतली दिली आहे.

१. राहते घर मुलगी अर्पिता हिला. मुलगा गोपाल पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. बँकेतली ठेव त्याला. यावरून दोघांनी भांडू नये. भांडायची हौस मी एकट्याने पुरेशी भागवली आहे.

२. पांढरी चारचाकी. ही नवी कोरी घेतली ती पत्नी रुख्मिणी हिला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला नेता यावे म्हणून. एस.टी.त तिला उभे राहवत नसे. बाविसाव्या दिवशी गिअर अडकून गाडी चढावर बंद पडली. पुढे सात महिन्यांत अकरा वेळा शोरूमला नेली. दर वेळी परत देताना ते शेऱ्यासाठी कागद पुढे करत. चौतीस वर्षे पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर जे लिहिले, तेच मी तिथेही लिहीत गेलो: ‘समाधानकारक’.

रुख्मिणीने एकदा विचारलेही, “काऊन लिहिता तसं? गाडी तं सुधरलीच नाही.”

मी म्हटले, “राहू दे वं. बिचारे मेहनत करून राह्यले.”

आयोगापुढे त्यांच्या वकिलांनी ते अकराही कागद मांडले. अक्षर माझेच होते. माझ्याइतका मूर्ख मास्तर जिल्ह्यात दुसरा नसेल.

३. गाडी ओढायचा दोर आणि पायपंप शेजारी उकंडराव सोळंके यांना. त्यांनी चार वेळा ट्रॅक्टर जोडून गाडी घरी आणली, डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. गाडी ताब्यात घेताना पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून काढलेला फोटो शोरूमच्या मॅनेजरांना द्यावा. त्यात रुख्मिणी हसते आहे, तेवढा भाग आधी कापून घ्यावा.

४. केस. मागणी एवढीच, की गाडी बदलून द्या, नाहीतर पूर्ण किंमत परत करा. तज्ज्ञाची तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नका, असे आमच्या वकिलांनी बजावले. तज्ज्ञ अजून यायचे आहेत. शेवटचे वर्षभर गाडी दारात उभी आणि रुख्मिणी एस.टी.त उभी. फेब्रुवारीत ती गेली.

आता कंपनी म्हणते, गिअरबॉक्स फुकट बदलून देतो, केस मागे घ्या. अर्पिता म्हणाली, “बाबा, घेऊन टाका. नवी गाडी भेटली तरी आई कुठं बसणार हाये तिच्यात?” मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती खरे बोलली, याचाच राग आला.

वारसांना केस पुढे चालवता येते म्हणतात. चालवू नये. तडजोडीच्या कागदावर माझ्यानंतर अर्पिताने सही करावी. जिवंतपणी माझ्याने ती होत नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली की विकावी. घेणाऱ्याला सगळा इतिहास आधी सांगावा. तो ऐकून कोणी घेतली नाही, तर दारातच राहू द्यावी.

ठिकाण: चिखली
दिनांक: २४ ऑगस्ट २०२५

सही: हि. पुं. म्हस्के

आमच्यासमक्ष वाचून सही केली. वाचताना दोनदा थांबले, पण भानावर होते.
साक्षीदार: १. पंजाबराव सखाराम इंगळे
२. माणिकराव तुळशीराम सुरडकर