हसायची परवानगी

अँटवर्प, १२ मे १९९१

चि. फानीस, अ. आ.

सुखरूप पोहोचले. तू बळंच बॅगेत कोंबलेली ऑलिव्हची बरणी गळली. माझा करडा कोट आता कायमचा इस्रायली झाला आहे.

गाडीत तू रडत म्हणालीस, की मी वर्गासमोरून मधेच उठले, आईबद्दल धड काही सांगितलं नाही. बाई गं, होलोकॉस्ट संग्रहालयात न्यायच्या मुलांची तयारी करून घेणं तुझं काम, मान्य. पण ती मुलं गुडघ्यांवर हात ठेवून दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी बसली होती. मी त्यांना आईच्या टोप्यांचं सांगितलं. आपल्या दोघींना नाझींपासून लपवायला नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये सोडायला आली, तेव्हा हातात सामान दिसू नये म्हणून भर ऑगस्टात तिने हिवाळी टोप्या एकीवर एक अशा दोन घातल्या होत्या. दारातल्या ननने विचारलं, सर्दी झालीय का. आई म्हणाली, झालीय, दोनदा.

मी थांबले. कुणी हसेना. एका मुलीला हसू आलं, तर तिने तुझ्याकडे बघून तोंड दाबलं. मला कॉन्व्हेंटमधली आपली सिस्टर गोदलीव आठवली. आपलं हसू दाबायला तिलाही नुसते डोळे पुरायचे. मग मी उठलेच.

लोभ असू दे, रागासकट.

तुझी,
गुस्टा

हैफा, २४ मे १९९१

ती. गुस्टाताईस, सा. न. वि. वि.

सिस्टर गोदलीवचं वाचून मी दोन दिवस अबोला धरला. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी एका वर्गाने संग्रहालयातल्या फोटोंसमोर सूर्यफुलाच्या बिया फोडून सालं टाकली. तेव्हापासून माझी शिकवण: बिया नाहीत, च्युइंगगम नाही, हसणं नाही. मुख्याध्यापक इतर शाळांना आमच्या शांततेचा दाखला देतात.

पण ताई, आईने आपल्याला तिथे सोडलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, मी तीन. माझ्याकडे आईचं काहीच नाही. मी एकटीने विचारलं की तू कॉफी ढवळत बसतेस. म्हणून तुला मुलांपुढे उभं केलं. मागच्या बाकावरून मीच ऐकणार होते.

काल नव्या वर्गाला म्हटलं, आधी आपापल्या घरातल्या सर्वांत तापदायक बाईबद्दल सांगा. एकाची आत्या चपला फ्रिजमध्ये ठेवते. मग मी टोप्यांचं सांगितलं. मुलं पोटभर हसली. मग एकाने विचारलं, त्या बाई पुढे कुठे गेल्या? आजवर हा प्रश्न मीच मुलांना पढवून ठेवायची.

ऑक्टोबरात येशील? नाहीतर आणखी एक गोष्ट लिही. वर्गासाठी नको, माझ्यासाठी.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
फानी

अँटवर्प, ३ जून १९९१

चि. फानीस, अ. आ.

ऑक्टोबरात येते.

आई घोरायची. बारीक आवाजात, शेवटी शिट्टी. बाबा म्हणायचे, कुणीतरी किटली उतरवा. तू हुबेहूब तशीच घोरतेस. तुझ्याकडे होते तेव्हा रोज दुपारी तू आडवी झालीस की मी खुर्ची तुझ्या दाराशी ओढून बसायचे. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू लाजून कुशीवर वळली असतीस.

कृपालोभ ठेव, आणि उताणीच झोपत जा.

तुझी,
गुस्टा