आज्ञार्थ, एकवचन

७ जानेवारी १९९१, सोमवार
शेजारच्या रुपचंदभाऊंनी आज पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाजवळ चारचौघांत सांगितले, "नानांची यशोदाबाई रुसून गेली, आता नाना कुत्र्याशी बोलतात." या एका वाक्यात तीन चुका आहेत.
पहिली : माझी पत्नी रुसून गेलेली नाही. सुनेच्या बाळंतपणासाठी ती धुळ्यास, मुलाकडे, म्हणजे हिलालकडे, नुकतीच गेली आहे.
दुसरी : मी कुत्र्याशी बोलत नाही, त्याला आज्ञा करतो. 'बोलणे' या क्रियेस समोरून उत्तर अपेक्षित असते.
तिसरी : 'यशोदाबाई' म्हटल्यावर 'गेल्या' हवे, 'गेली' नव्हे.
तिसरी चूक मी तेथल्या तेथे सुधारली. त्यावर रुपचंदभाऊ म्हणाले, "पन रुसनी ते खरं शे ना, नाना?" उत्तर दिले नाही. प्रश्न अशुद्ध होता.

८ जानेवारी
कुत्रा यशोदेचा. ती त्याला भुऱ्या म्हणे. आजपासून त्याचे नाव सुबोध.
संकल्प : महिनाअखेर त्याला शुद्ध मराठीतील ये, ऊठ, बस, थांब या आज्ञा आल्या पाहिजेत. पद्धत तीच, जी धरणगावच्या शाळेत निवृत्तीपर्यंत वापरली. माझ्या हाताखालची मुले पुढे मोठी झाली की नाही, ठाऊक नाही. भेटायला कोणी येत नाही. पण ऱ्हस्वदीर्घ चुकत नसणार.
"बस" म्हटले. बसला नाही. उठून अंगणाच्या फाटकाशी गेला आणि रस्त्याकडे पाहत उभा राहिला. विचार करीत असावा.

११ जानेवारी, सकाळी
फिरायला गेलो. रेल्वे फाटक बंद. स्कूटरी, रिक्षा, केळीचा ट्रक, सर्व खोळंबले. आणि सर्वांनी सुबोधचे लाड सुरू केले. सायकलवाल्या नूर महंमदने त्याला नेहमीप्रमाणे चहात बुडवून टोस्ट दिला. या गावाला कुत्र्याचे फार प्रेम. मला येथे 'भुऱ्यावाले नाना' म्हणतात. नाव गेले, प्रत्यय उरला, तोही हिंदी.
लोकांसमोर प्रात्यक्षिक द्यावे म्हणून मी "बस" अशी आज्ञा केली. सुबोध पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. रुपचंदभाऊ स्कूटरवरूनच म्हणाले, "बठ रे भो!" सुबोध डांबरावर बसला. चौघे हसले. "नाना, तुम्ही 'बस' म्हनतस ना, त्याले एस.टी. वाटस! यशोदावहिनी बसमाच गयी ना!"
गाडी गेल्यावर फाटक उघडले. मी पुढे गेलो नाही, परतलो. ऊन झाले होते.

१४ जानेवारी, संक्रांत
एस.टी.डी. बूथवरून धुळ्यास फोन. यशोदा म्हणाली, "मी बरी शे. भुऱ्या जेवस का? हिलालनी देवपूरले घर बांधं, मोठं आंगन शे. भुऱ्याले आठे धाडी द्या." मग म्हणाली, "तुम्हीबी या ना. आठे बठ्ठा शेतस."
मी म्हटले, 'बठ्ठा' नव्हे, 'सगळे' म्हणावे.
लाईन तुटली. खात्याची सेवा दिवसेंदिवस ढासळते आहे.
मागे नातू "आजी, मना पतंग!" असे ओरडत होता. वयाच्या मानाने मूल फार लवकर बोलू लागले. अर्थात अशुद्ध.
विचारांती निर्णय : कुत्रा पाठवायचा नाही. तो येथे आहे तोवर यशोदेला यावेच लागेल. तिचा जीव त्याच्यात आहे.

२० जानेवारी
प्रगती मंद. थंडीने श्रवणशक्ती कमी होत असावी. सुबोध रात्री यशोदेच्या जुन्या लुगड्यावर झोपतो. शिस्तीसाठी ते काढून कपाटात ठेवले. त्याने दोन्ही वेळा भाकरीला तोंड लावले नाही. लुगडे परत दिले. यास माघार म्हणता येणार नाही. ते तसेही धुवायचेच होते.

२७ जानेवारी
रुपचंदभाऊंकडे निरोप : हिलाल येत्या रविवारी जीप घेऊन कुत्र्याला न्यायला येतो. चांगले झाले. यशोदाही येणार, हे उघड आहे; कुत्रा तिच्याखेरीज कोणाच्या गाडीत चढेल? तिच्यासमोर सुबोधची परीक्षा घेईन. तो माझ्या शब्दावर थांबला, तर तीही येथेच थांबेल.
'शे' हा शब्द मी एक महिना सुधारणार नाही. एक आठवडा तरी.

२ फेब्रुवारी
भरिताची वांगी आणली. मोठी, हिरवी. मला भाजता येत नाहीत. तो माझा विषय नव्हे.

३ फेब्रुवारी, रविवार
यशोदा आली नाही. हिलाल म्हणाला, "आईचे गुडघे दुखतात, आबा." त्याच्याबरोबर नातू होता. स्वतःच्या पायांनी जीपमधून उतरला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, आजी म्हनस तुम्ही चुका काढतस." चूक काढली नाही.
जीपमध्ये यशोदेची शाल अंथरली होती. सुबोधने ती एकदा हुंगली आणि उडी मारून आत चढला. मी म्हटले, "थांब." मग "ये." मग "ऊठ," जरी तो उभाच होता. तो शालीभोवती फिरत राहिला. हिलालने जीप चालू केली. नातू "भुऱ्या, भुऱ्या" करीत होता.
तेव्हा मी म्हटले, "बठ."
सुबोध तत्काळ बसला. जीपमध्ये.
कोणी हसले नाही, रुपचंदभाऊही नाही. हिलालने बाजूचे दार उघडले. "आबा, जागा शे. तुम्हीबी बठा ना."
मी म्हटले, 'बसा' म्हणावे.
त्याने दार लावून घेतले. जीप फाटकाकडे वळली.

६ फेब्रुवारी, बुधवार
रुपचंदभाऊ हा प्रसंग सांगत फिरतात आणि तारखा चुकवतात. माझ्याही नोंदींत एक शब्द सैल पडला आहे. दुरुस्ती पुढीलप्रमाणे :
कुत्रा गेला, तो दिवस : ३ फेब्रुवारी, रविवार. रुपचंदभाऊ शनिवार म्हणतात.
'सुबोध' हे नाव ठेवले : ८ जानेवारी १९९१. त्या नावाला त्याने ओ दिली : तारीख नाही.
यशोदा धुळ्यास गेली : ६ फेब्रुवारी १९८८. म्हणजे आजच्याच तारखेस. वर 'नुकतीच' लिहिले आहे. तो शब्द वगळावा.
नातवाचा जन्म : १९ मार्च १९८८. बाळंतपण त्याच वर्षी एप्रिलअखेर संपले, असे धरावे.
नातवाला मी प्रथम पाहिले : ३ फेब्रुवारी १९९१.
यावरून, ७ जानेवारीच्या नोंदीत रुपचंदभाऊंची म्हणून दाखवलेली पहिली चूक ही चूक नव्हती. दुसरीचा आता प्रश्नच उरत नाही.
तिसरी मात्र कायम. 'गेल्या' हवे.